घोटलेली भिंत

चंद्रपुरातल्या त्या इमारतीला पाच मजले होते आणि सहावा तिचा तिलाच कमवायचा होता. तीन वर्षांत भिंतींनी ठरलेला कार्बन गिळला, तर सरकार वर एक जादा मजला बांधू देई. लोक त्याला 'श्वासमजला' म्हणत. तो विकायचा नाही, ज्यांनी इमारत बांधली त्यांनीच तिथे राहायचं, असा कायदा होता. एवढी शहाणी ओळ कायद्यात बहुधा चुकूनच राहिली असावी.

या विटा भट्टीत भाजलेल्या नव्हत्या. त्यांच्या बारीक छिद्रांत सूक्ष्म जीव होते. हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढायचा, त्याचा चुनखडक करायचा आणि तो विटेतच साठवायचा, एवढंच त्यांचं काम. अट एकच होती, भिंत उघडी हवी. गिलावा झाला की जीव गुदमरत.

उत्तरेची भिंत मात्र चार महिन्यांपासून काहीच गिळत नव्हती. मोजणीला दीड महिना उरला होता आणि सात गवंडी कुटुंबं समोरच्या पत्र्याच्या खोल्यांत वाट बघत होती.

या विटा शोधून काढणाऱ्या डॉ. मृणाल आगलावे स्वतः परांचीवर चढल्या. सोबत पंचफुला कुमरे होती, इथली सगळ्यात जुनी गवंडीण; तिचा नवरा सोनबा, तोही इथलाच गवंडी, चार महिन्यांपूर्वी वारला होता. डॉक्टरबाईंनी भिंतीवर हात फिरवला. भिंत गुळगुळीत लागली.

"पंचफुलाबाई, ही कुणी घोटली?"

पंचफुला म्हणाली, "आमच्या मालकानं. जायच्या आठ दिवस आधी."

"सोनबांनी? त्यांना माहीत होतं ना, गिलावा चालत नाही ते?"

"माहीत होतं. पण चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस. नागडी भिंत सोडून जाववेना त्याले. विटेच्याच रंगाचं कालवलं अन् पातळ हात मारला. मी पाह्यलं, पण बोलली नाई."

डॉक्टरबाईंना राग आला होता, तो इथे विरला. "छिन्नीनं टाचे मारून सगळा थर काढावा लागेल," त्या म्हणाल्या.

"त्याचा शेवटचा हात हाय हा, मॅडम. मी छिन्नी कशी लावू?"

दुसऱ्या गवंड्याला सांगता आलं असतं. डॉक्टरबाई तिथेच फळीवर बसल्या.

"सोनबा या भिंतीशी तीन वर्षं राबले, इथेच बसून जेवले. आपण सोडतो त्या श्वासातही तोच वायू असतो. विटांनी त्यातला थोडा ओढून त्याचा दगड केला. वर त्यांचा हात आहे हे खरं, पण आत..."

"आत तो हाय?"

"थोडा. अगदी थोडा. खोटं सांगणार नाही मी."

पंचफुलानं तीन दिवस कुणाला त्या भिंतीजवळ येऊ दिलं नाही. सगळे टाचे तिनं एकटीनं मारले, रडत रडत मारले. चौथ्या दिवशी भिंतीवरच्या कार्बन मोजणाऱ्या यंत्राचा आकडा हलला. मोजणीत इमारत जेमतेम पास झाली, पण झाली. सात कुटुंबांनी त्या दिवशी पत्र्याच्या खोल्यांसमोर जिलेबी वाटली.

वर्षभरानं डॉक्टरबाई सहाव्या मजल्यावर पंचफुलाकडे चहाला गेल्या. खोलीत ऊन आलं होतं. भिंती उघड्याच होत्या, आणि पंचफुला आता त्यांना नागड्या म्हणत नव्हती.

"माझाबी श्वास घेते का हे भिंत?"

"घेते."

"तुमचाबी?"

"इथे बसले आहे तेवढा माझाही."

पंचफुला हसली. "अन् घर जुनं झालं म्हणजे?"

"साठ वर्षांनी इमारत उतरवायची आणि याच विटांचं दुसरं घर बांधायचं, असा नियम आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. तो नियम त्यांनीच लिहिला होता आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

पंचफुलानं भिंतीला हात लावला.

"म्हणजे आमी दोघं मंग कोणाच्या तरी घरी राह्याले जाऊ," ती म्हणाली. "चांगलं हाय. पण मॅडम, त्या घरच्यायले कोणी सांगन का, आमी आत हावो म्हणून?"