दोन पलंगांची गाडी

तुमसरहून नाकाडोंगरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मोहाच्या झाडाखाली एक पांढरी व्हॅन उभी होती आणि तिच्या खिडकीला चक्क फुलाफुलांचा पडदा होता. प्रतिक्षाने स्कूटी थांबवली. काचेला नाक लावून आत पाहिलं, तर पलंगावर एक तरुण डोळे मिटून निवांत पडलेला...

त्याने डोळे उघडले. ती दचकून मागे सरली.

"लांबी पाहून राहिलो," तो लाजत बाहेर आला. "पाय पुरतात का नाही ते."

तो सुगत. मागचं वर्कशॉप त्याचंच. साध्या गाडीत झोपायची, रांधायची सोय तो करून द्यायचा. प्रतिक्षा चिखल्याला शाळेत शिकवायची. तिचे बाबा, डोमा, उभी हयात खाणीत जमिनीखाली राबले. त्यांना समुद्र दाखवायचा, वाटेत मन रमेल तिथे मुक्काम करायचा, हे तिच्या मनात कधीपासून होतं. बाबांचे गुडघे मात्र बस-रेल्वेला तयार नव्हते. हे सगळं ती त्याला भडाभडा सांगून बसली.

"मले मोठी बससारखी पाहिजे. आत पूरं घर असते ते."

"चालवनार कोन?"

"मीच."

"मंग बस नोको. गल्लीत वळनार नाही. कारच्या मागं ओढाची खोली घ्याल, तं रिव्हर्स घेताना रडाल."

"आन टपावर तंबू असते, तो?"

"बाबाचे गुडघे?" तो हळूच म्हणाला.

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. इतकं लक्ष देऊन ऐकत होता हा...

ठरलं. लहान व्हॅन, दोन पलंग, बुटकी पायरी.

मग दर शनिवारी शाळा सुटली की ती वर्कशॉपवर यायची. पडद्याचा रंग ठरायचा, बदलायचा. फळी धरताना बोटं बोटांना लागायची आणि दोघंही फळीकडेच पाहत राहायची.

"झाली का गाडी?"

"झालीच... थोडीशी राहिली."

हिवाळा आला. एका संध्याकाळी बाबांना घेऊन दोघं व्हॅनमधून चांदपूरच्या तलावावर गेले, गाडी चालवून पाहायला म्हणून. पाण्यावर धुकं उतरत होतं. डोमाबाबा खिडकीतून आभाळ पाहता पाहता झोपी गेले.

"बाबाचा दम वाढून राहिला," बाहेर प्रतिक्षा म्हणाली. "डॉक्टर म्हनते, जाचं तं आताच जा. अजून किती दिवस लावसान?"

सुगतची मान खाली गेली. "गाडी तं दिवाळीतच झाली होती."

"काहून नाही देल्ली मंग?"

"देल्ली असती, तं तुमी आल्या नसत्या..."

तिला राग आला. खरंच आला. पण त्याने खिशातून चावी काढून पुढे केली.

"हे पयलेच सांगाचं होतं," ती म्हणाली. तिने चावी घेतली, क्षणभर मुठीत धरली आणि पुन्हा त्याच्या तळहातावर ठेवली. बोटं मात्र काढली नाहीत. "घाटात मले भेव लागते. तू चालवजो."

पहिल्यांदाच 'तू'.

"आन मी झोपीन कुठं?"

"रेतीवर. चटई देईन तुले."

सकाळी तिने भीतभीत बाबांना विचारलं, सुगतलाही सोबत न्यायचं का म्हणून. ते म्हणाले, "मी तं कधीचा पाहून राहिलो, तुमाले कवा समजते ते."

सोमवारी व्हॅन चिखल्याच्या कॉलनीतून निघाली. सुगत चालवत होता. मागे डोमाबाबा खिडकीशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना हात करत होते. आणि सुगतच्या शेजारी प्रतिक्षा... ती रस्त्याकडे पाहतच नव्हती.