एक आठवडा तुमचा, एक आठवडा माझा

"श्वास ऐकू येतोय!"

ती एवढ्या मोठ्यानं ओरडली, की दुकानातली सगळी माणसं माना वळवून बघायला लागली. तिला बिचारीला वाटलं होतं, आपण स्वतःशीच पुटपुटतोय. पण कानांवर जाडजूड हेडफोन चढवल्यावर आपला आवाज केवढा, हे कुणाला कळतं?

तिनं घाईघाईनं हेडफोन काढले. गाल असे तापले होते, की त्यांच्यावर इस्त्री करता आली असती.

"कुणाचा?" मागून कुणीतरी विचारलं.

ती वळली. एक उंच मुलगा आपली पाळी येण्याची वाट बघत उभा होता. हाताला ग्रीस, खिशात पेचकस, आणि ओठांच्या कोपऱ्यात दाबून धरलेलं हसू...

"काय कुणाचा?"

"श्वास हो. कुणाचा ऐकू येतोय?"

"व्हायोलिन वाजवणाऱ्याचा," ती म्हणाली. "सूर धरायच्या आधी तो श्वास घेतो... अगदी इथे. कानाशी."

तो हसला नाही. नुसता मान हलवून म्हणाला, "मग तोच घ्या."

घ्या म्हणे! इतकं सोपं असतं तर काय हवं होतं? वापरलेल्या रेडिओ-स्पीकरच्या त्या दुकानात ती सकाळपासून ठाण मांडून बसली होती. ऐकण्यासाठी खिडकीपाशी एकच खुर्ची. पहिला हेडफोन लावला, तर पोटात कुणीतरी दारं आपटतंय असं वाटलं. दुसरा स्वच्छ वाजत होता, पण त्यानं डोकं असं आवळलं, की पाच मिनिटांत डोळ्यांत पाणी. आणि हा तिसरा... या तिसऱ्यात खोली होती, माणूस होता, त्याचा श्वास होता. किंमत नऊ हजार. तिच्या पर्समध्ये साडेनऊ. सात महिने साठवलेले.

"काका, हा बांधून द्या."

"अ‍ॅम्प्लिफायर कुठाय तुमच्याकडे?" दुकानदारकाकांनी चष्म्यावरून पाहिलं.

"मोबाइलला लावीन की."

"मग नाही देत."

"अहो, पैसे देतेय मी!"

"आणि पुढच्या आठवड्यात शिव्या द्यायला याल, त्याचं काय? मोबाइलच्या अंगात तेवढा जोर नाही. आवाज कुजबुजल्यासारखा येईल. हा हेडफोन मी एकटा विकत नाही म्हणजे नाही. अ‍ॅम्प्लिफायर आठ हजार, तो मांडीवरचा."

तेव्हा तिच्या लक्षात आलं, इतका वेळ आपल्या मांडीवर एक छोटंसं धातूचं खोकं होतं. शाळेच्या डब्याएवढं, आणि हाताला चक्क ऊबदार.

"तो तर मी घ्यायला आलोय," मागचा मुलगा म्हणाला. "साडेआठ आणलेत. हेडफोन पुढच्या वर्षी बघू."

"म्हणजे वर्षभर काय ऐकणार? डब्याला कान लावून बसणार?" काका वैतागलेच. "हिच्याकडे डबा नाही, ह्याच्याकडे कान नाहीत. दोघं मिळून घ्या एकदाचा, आणि मला जेवायला सोडा!"

काका चेष्टेत बोलले होते. पण ती दोघं एकमेकांकडे बघायला लागली...

*

तर असं ठरलं. हेडफोन तिचा, अ‍ॅम्प्लिफायर त्याचा, आणि दोन्ही मिळून एक आठवडा तिच्याकडे, एक आठवडा त्याच्याकडे. दर रविवारी दहा वाजता सार्वजनिक वाचनालयाच्या पायऱ्यांवर पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात जायची. आणि एक अट त्यानं घातली होती — ज्याच्याकडे आधी पैसे जमतील त्यानं दुसऱ्याचा वाटा विकत घ्यायचा. म्हणजे भांडण नको.

"शहाणे आहात," ती म्हणाली होती.

"लिफ्ट दुरुस्त करतो. माणसं मध्येच अडकू नयेत, हे बघणं माझं कामच आहे."

ती स्वतः कवळ्या बनवायची. एका लॅबमध्ये दिवसभर घासायच्या यंत्रापुढे बसायची, घर्रर्र करत. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, सगळे आपले दात विचकून बघतायत. दिवसभरात तिच्याशी एवढे दात हसायचे, पण एक माणूस धड बोलायचा नाही. संध्याकाळी खोलीवर आलं, की कानांत तीच घरघर. मग नळाचं पाणी, भांड्याचा आवाज, आणि मग काहीच नाही. या शहरात येऊन वर्ष झालं होतं, आणि तिला नावानं हाक मारणारं एकच माणूस होतं — फोनवरची ताई.

"सतरा हजारांचं काय घेतलंयस म्हणे?" ताई कडाडली. "अगं, आधी गादी घे! जमिनीवर झोपतेस आणि कानांचे लाड करतेस!"

"अर्धंच माझं आहे, ताई."

"आणि अर्धं कुणाचं?"

"...लिफ्टवाल्याचं."

ताईचा सूर एकदम बदलला, "मग राहू दे गादी."

"ताई! तसलं काही नाहीये हं."

खरंच तसलं काही नव्हतं. पहिले दोन महिने तरी. पिशवीतून गाण्याचं नाव लिहिलेली एक चिठ्ठी यायची, एवढंच. 'हे ऐका. चौथ्या मिनिटाला बासरी येते, तेव्हा डोळे मिटा.' ती उलट लिहायची, 'मिटले. डाळ करपली. भरपाई कोण देणार?' पुढच्या पिशवीत चिठ्ठी — 'करपलेली डाळ घेऊन या, मी खातो.'

आणि मग ते पट्टीचं प्रकरण.

त्याचं डोकं मोठं. हेडफोनची पट्टी तो खट्-खट्-खट् तीन घरं ओढून लावायचा. तिच्या आठवड्यात पिशवी आली, की तिला ती तीन घरं परत आत ढकलावी लागायची. सुरुवातीला ती चिडायची. पुढे केव्हातरी ढकलेनाशी झाली. पहिल्या संध्याकाळी हेडफोन तसेच मोठे घालायची, दोन्ही हातांनी कानांवर धरून. कानांवरच्या गाद्यांना किंचित ग्रीसचा वास यायचा. डब्यावर तळवा ठेवला की तो हळूहळू गरम व्हायचा. कुणीतरी शेजारी बसून नुकतंच उठून गेलंय, असं वाटायचं तिला... यात काय वेडेपणा आहे, हे तिचं तिलाही माहीत होतं.

पण ज्या आठवड्यात पिशवी त्याच्याकडे असायची, तो आठवडा मात्र संपता संपायचा नाही. खोली एवढी गप्प, की भिंतीवरच्या पालीशीही बोलावं. ती दिवस मोजायची. गाण्यासाठी नव्हे हो! रविवारसाठी.

म्हणूनच तर तिनं ते लपवलं.

काय लपवलं? अ‍ॅम्प्लिफायरचे आठ हजार तिच्याकडे केव्हाच जमले होते. लॅबवाल्यांनी जादा कामाचे पैसे दिले, त्याला तीन महिने झाले. लिफाफा कपाटात साड्यांच्या खाली पडून होता. ठरल्याप्रमाणे एका रविवारी तो पुढे करायचा, "घ्या तुमचा वाटा" म्हणायचं, आणि सगळं तिचं एकटीचं झालं असतं. एकटीचं! तोच तर शब्द तिला नको होता.

*

आणि मग एका रविवारी संध्याकाळी तिनं हेडफोन घातले, तर ते तिला बरोब्बर बसले.

ती दचकली. काढून पट्टी पाहिली. तीन घरं आत. तिच्याच मापावर. गाद्या हुंगल्या. ग्रीसचा वास नाही. म्हणजे आठवडाभर त्यानं हे डोक्यावर चढवलेच नव्हते. आणि चिठ्ठीत तर लिहिलं होतं — 'गुरुवारी हे तीनदा ऐकलं.'

कशानं ऐकलं?

सोमवारी काम सुटल्यावर ती थेट दुकानात गेली. काकांना जिभेवर काही ठेवायची सवयच नव्हती.

"तो उंच पोरगा? अहो, त्यानं आठवड्यापूर्वी दुसरा हेडफोन नेला की. स्वस्तातला, पण चांगलाय. त्याचं आता सगळं जमलं. तुमचंच काय ते अडलंय."

तुमचंच काय ते अडलंय...

ती चालत घरी आली. बस समोरून गेली, तिनं हात केला नाही. म्हणजे त्याला आता तिच्या हेडफोनची गरज नव्हती. डबा त्याचा, कान त्याचे. तरी तो रविवारी आला, पिशवी दिली, खोटी चिठ्ठी लिहिली. का? तर दया! एकटी पोर आहे, ऐकू दे बिचारीला. तो आठवडा तिचा होता, पण तिनं डब्याचं बटण एकदाही दाबलं नाही. ताईचा फोन आला, तेव्हा म्हणाली, "गादी बघतेय." ताईला लगेच कळलं, काहीतरी बिनसलंय.

रविवारी ती दहाला पाच कमी असतानाच पायऱ्यांवर उभी होती. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात लिफाफा. तो आला. नेहमीसारखा दोन-दोन पायऱ्या एकदम चढत.

"मागच्या रविवारचा खोकला कसाय आता?"

"खोकला गेला खड्ड्यात! हे घ्या आठ हजार. तुमचा वाटा. सुटलात."

तो जागीच थांबला. "अहो, पण —"

"काकांनी सांगितलं मला. दुसरा घेतलाय ना? मग सांगायचं सरळ! चिठ्ठ्या कशाला? तीनदा ऐकलं म्हणे! माझी कीव करायला मी काय..." डोळे भरून आले, आणि त्याचाही तिला राग आला.

त्यानं लिफाफ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

"एका आठवड्यात आठ हजार कुठून आणले?"

"एका आठवड्यात नाही काही. तीन महिने झाले, पडून आहेत."

बोलून गेली, आणि मग तिनं जीभ चावली.

"तीन महिने?" तो हळूच म्हणाला. "माझं एका आठवड्याचं पाप, आणि तुमचं तीन महिन्यांचं?"

तिनं नजर खाली वळवली.

"का नाही दिले?"

पायरीच्या एका फटीत गवताची काडी उगवली होती, ती त्या काडीकडेच बघत राहिली.

"बरं, मी सांगतो माझं," तो म्हणाला, आणि खांद्यावरची थैली उघडली. आत हेडफोन होता, जुनाच, एका गादीला चिकटपट्टी लावलेला. "डब्याला पुढून दोन भोकं आहेत. पाहिलीत कधी?"

"ते दुसरं माइकचं असेल, असं मला..."

"माइकचं नाही. दुसऱ्या माणसाचं आहे." तो कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला होता. "मागच्याच रविवारी विचारणार होतो. आठवडाभर सराव केला होता, खरंच. तुमचे हेडफोन तुमच्या मापावर ठेवले, माझे थैलीत घातले. आणि तुम्ही आलात खोकत... मी काढ्याबद्दल बोलत बसलो आणि दहा वाजून वीस मिनिटांनी तुम्ही गेलातसुद्धा! लिफ्टमध्ये अडकलेली माणसं बाहेर काढतो मी, पण तोंडातला एक शब्द काही निघेना."

"कुठला शब्द?"

"...एकत्र."

ती हसली. रडता रडता हसू येतं ना, तसलं, नाक ओढत.

वाचनालयाच्या बाईंनी कोपऱ्यातल्या टेबलावरच्या दिव्याचा प्लग दिला, पण बोट दाखवून बजावलं, "बाहेर आवाज आला तर दोघंही बाहेर!" दोघांनी शहाण्यासारख्या माना डोलावल्या. बाकावर शेजारी शेजारी बसले. आता त्याच्या शर्टाची बाही तिच्या बाहीला टेकत होती, आणि कुणीच सरकत नव्हतं. दोन वायरी त्या एका डब्यात शिरल्या. त्यानं मोबाइलवर तेच बासरीचं गाणं लावलं आणि बटण फिरवलं.

संपेपर्यंत कुणी कुणाकडे पाहिलं नाही. पण बासरी आली तेव्हा दोघांनी डोळे मिटले... हे तिला कसं कळलं? तिनं एक डोळा किलकिला केला होता ना!

हेडफोन काढल्यावर ती कुजबुजली, "ए... मग आता रविवारी द्यायचं-घ्यायचं काय? डबा कुणी न्यायचा?"

"डबा तू ठेव."

"आणि मी पुढच्या वेळी पिशवीत काय आणू?"

"काहीच नको आणूस." त्यानं बाईंच्या टेबलाकडे एकदा चोरून पाहिलं. "रिकाम्या हातानं ये. धरायला बरा पडेल."