रसूलभाईंचा आवाज

मलकापुरात हायवेलगत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. एका दुपारी झुबेदाभाभी नवऱ्याला हाताला धरून घेऊन आल्या. रसूलभाई मंडईत लिलाव पुकारायचे. त्यांचा आवाज पार रस्त्यापर्यंत यायचा. भाभींनी त्यांना खुर्चीत बसवलं.

"भार्गवीताई, झटका आल्यापास्नं ह्यांची वाचा गेलीया," भाभींनी पिशवीतून डीव्हीडी काढली. "डॉक्टर म्हणले, ओळखीचे आवाज ऐकवा. ही आमच्या पोरीच्या, झोयाच्या लग्नाची. घरच्या कॉम्प्युटरवर लागतच न्हाई बघा."

डिस्कवर बुरशीचे ठिपके होते. मऊ फडक्यानं मधून कडेकडे पुसली. ड्राइव्ह घरघरला आणि थांबला. दुसरा ड्राइव्ह जोडला, तेव्हा चित्र आलं, पण आवाज नाही. प्लेअर बदलला. मग एकदम मांडव गजबजला. ताटांचे आवाज, कुणाचं तरी बाळ रडतंय. आणि मधोमध, फेटा बांधलेले रसूलभाई हात उंचावून म्हणाले, "आवं, बसा की जेवायला!"

खुर्चीतल्या रसूलभाईंनी टेबलाची कड घट्ट धरली.

चित्र तिथंच अडकलं. मी थोडं मागं घेऊन पुन्हा लावलं. या वेळी "आवं" ऐकू आलं नाही. पडद्यावर ओठ हलले, आवाज नव्हता.

माझ्या शेजारून घोगरा आवाज आला. "आवं..."

भाभींनी माझा दंड धरला. "परत लावा ताई."

डिस्क खराब असेल, असं मी मनाला सांगत होते. पण ताटं नीट वाजत होती. बाळ नीट रडत होतं. फक्त त्यांचाच एकेक शब्द तिथून जात होता.

आणि इथं येत होता.

"बसा की," रसूलभाई म्हणाले. मग "जेवायला."

भाभी रडता रडता हसत सुटल्या. त्यांचा हात धरून रसूलभाई उठले, दारात थांबून माझ्याकडं वळले. "ताई, लय उपकार झालं." शब्द जड होते, पण स्वच्छ. रिक्षात बसेपर्यंत ते बोलतच होते. मलाही भरून आलं.

डिस्क काढायला मी वळले. बटण दाबलं, ड्राइव्ह उघडेना. चित्र पुढं सरकत होतं.

मांडवात आता कुणी जेवत नव्हतं. सगळे गोल करून उभे होते. मधोमध फेटेवाले रसूलभाई तोंड उघडून, डोळे विस्फारून बसलेले. जरीच्या साडीतल्या भाभी त्यांचे खांदे गदागदा हलवत होत्या.

"काय झालं तुमास्नी? बोला की. कायतरी बोला."