मन्मथला थंडी वाजते

लातूर जिल्हा नवा झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. कंदील असा जवळ असू द्या, सांगतो.

औशाकडं आमचं गाव. आडाला पाणी उरलं नव्हतं. टँकरसाठी घागरी रांगेला लावून मी दुपारचा घरी आलो, तर माझी बायको शरणम्मा ओसरीवर वाकळ पांघरून बसलेली. बाहेर फुफाट्यात पाय ठेववत नव्हता. मी तिच्या कपाळाला हात लावला. रांजणाच्या बुडासारखं गार.

"ऐकालाव का?" ती म्हणाली. "माळवदावर..."

डोक्यावर मातीचं छत. त्याच्यावर कुणीतरी सावकाश ठोकत होतं. ठक्... ठक्... मी शिडी लावून वर गेलो. वर कुणीच नव्हतं. नुसतं ऊन.

मन्मथ आमचा एकुलता एक लेक. मोठ्या दुष्काळात त्यानं सुकडी खाऊन खडी फोडली, मग मुंबई गाठली आणि मालाच्या जहाजावर लागला. रजेवर आला की पार उत्तरेकडच्या समुद्राचं सांगायचा. तिकडं हिवाळ्यात सूर्य उगवतच नाही. भर दुपारी निळा अंधार. किनाऱ्याजवळचं पाणी दुधावर साय यावी तसं गोठतं. लाट जहाजावर उडाली की दोरांवर पडता पडता तिचा बर्फ होतो, आणि तो वेळेवर फोडला नाही तर वजनानं जहाज कलंडतं.

"मग हातोडे देतेत आमच्या हातात," तो हसायचा. "खडी फोडलेला गडी म्हणून पहिला मीच."

"म्हंजी तिथं बी दुष्काळी कामच का रे?" शरणम्मा म्हणायची.

त्या उन्हाळ्याआधीच्या हिवाळ्यात त्याचं जहाज कलंडलं. कुणीच सापडलं नाही.

आम्हा लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात. देहच नव्हता. जंगमस्वामी म्हणाले, कपडे बसवा. चैत्रात मळ्यात खड्डा घेतला. त्याच्या सदऱ्यात, धोतरात कडबा भरून मांडी घालून बसवला, बाह्या गुडघ्यांवर ठेवल्या, विभूती लावली. शरणम्मानं त्याची घोंगडी आणली होती. आम्ही सगळे घामानं निथळत होतो. माझा धाकटा भाऊ संगप्पा म्हणाला, "एवढ्या उकाड्यात घोंगडी कामून, वयनी?" मलाही ते खरं वाटलं. घोंगडी परत घरी आली.

आता रोज दुपारी ते ठोकणं. रोज शरणम्मा जास्त गार. भाकर घशाखाली उतरेना, ओठ काळेनिळे पडले. औशाच्या डॉक्टरानं सुई दिली. काही फरक नाही.

"लेकराला थंडी वाजालीय," ती म्हणाली. "त्याच्या वाट्याची मी घेऊन राहिले. पर किती घेऊ... सरंना झालीय."

ही बाई आता हातची जाते, एवढंच मला कळलं. घोंगडी घेऊन मी संगप्पाला हाक मारली.

मळ्यातल्या त्या खड्ड्याची वरची माती भुसभुशीत होती. हातभर खाली गेल्यावर कुदळ दगडावर लागावी तशी वाजायला लागली. खारट वास आला, ओल्या लोखंडाचा. मन्मथ सोडला तर आमच्या गावात कुणी समुद्र पाहिलेला नाही.

"दादा," संगप्पा हळूच म्हणाला, "माझ्या तोंडातून वाफ निघालीय..."

कडबा कधीच खाली बसला होता. सदरा मात्र ताठ उभा होता, आतून भरल्यासारखा. आणि गुडघ्यांवर ठेवलेल्या बाह्या आता छातीशी गच्च आवळलेल्या होत्या.

मी घोंगडी पांघरली. डोक्यावरून घेतली, त्याच्या लहानपणी घालायचो तशी. "नीज, बाबा," म्हणालो. माती लोटली.

घरी आलो तर शरणम्मा चुलीपुढं भाकरी थापत होती. तिच्या कपाळावर घाम आला होता. मी कितीतरी वेळ तो घाम बघत बसलो. माळवद गप्प होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. मी उघडलं. अंगणात कुणी नव्हतं. तापलेल्या फुफाट्यावर पांढरी पावलं उमटली होती, दहिवर गोठून बसावं तशी, आणि उन्हात ती विरघळत नव्हती. मळ्याकडून आलेली, उंबऱ्याशी थांबलेली. एका माणसाची नव्हती. पुष्कळांची होती. माघारी गेलेलं एकही नव्हतं.

शरणम्मा माझ्या मागं येऊन उभी राहिली. तिनं बराच वेळ पाहिलं.

"त्याच्या जहाजावरची लेकरं हायेत," ती म्हणाली. "त्यानंच सांगितलं असंल, आमच्या घरी पांघरूण मिळतं म्हणून."

"दार लावू दे," मी म्हणालो.

"नका लावू. त्यांना बी माय हाय की कुठंतरी."

ती उतरंडीमागच्या वाकळा काढायला आत वळली. शेणानं सारवलेल्या भुईवर तिची पावलं पांढरी उमटत गेली.