भरलेली खोबण

दर सोमवारी सकाळी धाकट्या भावाच्या रक्ताची नळी प्रयोगशाळेत यायची आणि थोरल्या बहिणीच्याच हातात पडायची. कारण तपासणारी तीच. आठ महिने हेच चाललं होतं. पार थकली होती बिचारी.

भावाला रक्ताचा कर्करोग होता. त्याच्या रक्तपेशींत कायनेज जातीचं एक प्रथिन बेफाम सुटलं होतं. त्याला एक खोबण असते, पेशीचं इंधन तिथे येऊन बसतं. भावाची गोळी ती जागा आधीच बळकावायची. थोरली नमुन्यात एक चमकणारं रसायन घालायची. खोबण रिकामी असली तर ते तिथे कायमचं चिकटायचं आणि नमुना जेलच्या पातळ थरावर सोडला की त्याच्या रांगेत पट्टा उजळायचा. रांग काळी राहिली, म्हणजे गोळी जागेवर आणि भाऊ सुखरूप.

तुलनेला शेजारच्या रांगेत निरोगी माणसाचं रक्त लागतं. दर वेळी कुणापुढे हात पसरायचा? ती आपलंच काढायची.

"बाई, रक्त आटवणं म्हणतात ते हेच," तंत्रज्ञ काका म्हणायचे. टोमणा मारल्याशिवाय त्यांना चहा पचत नसे.

एका सोमवारी भावाची रांग नेहमीसारखी काळी होती. पण नेहमी उजळणारी तिची आज फिकी.

"नळ्यांची अदलाबदल झाली असेल," काका म्हणाले. झाली नव्हती. पुढच्या सोमवारी तिची आणखी फिकी. तिसऱ्या सोमवारी दोन्ही काळ्याकुट्ट. तिनं रसायनाची नवी बाटली फोडली, सगळं पहिल्यापासून केलं. काकांनी कुरकुरत आपला दंड पुढे केला. त्यांची रांग लख्ख उजळली. तिच्या नमुन्यात प्रथिन भरपूर होतं, तेही तिनं तपासलं. फक्त खोबणीत आधीच काहीतरी बसलं होतं.

"बाई, तुम्ही कसलं औषध घेता का?" काका आता चेष्टा करत नव्हते.

"साधी डोकेदुखीची गोळीसुद्धा नाही हो."

दुपारी तिनं भावाला फोन लावला.

"गोळ्या वेळेवर घेतोयस ना?"

त्यानं पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक केला.

"ताई, ओरडू नकोस. तीन आठवडे झाले, सोडल्यात. उलट्यांनी जीव नकोसा झाला होता गं."

तिनं समोरच्या जेलकडे पाहिलं. गोळीचा अंमल दोन दिवससुद्धा टिकत नाही, आणि त्याची रांग तर तिन्ही सोमवारी काळीच होती.

"गाढवा, सांगायचं नाहीस?"

"भीती वाटली. पण खरं सांगू? एकदम बरं वाटतंय. भूक लागते. डोक्यावर केससुद्धा यायला लागलेत." तो हसला. मग हळूच म्हणाला, "परत सुरू करू का?"

आठ महिन्यांत तो असा हसला नव्हता. तिला रडू आलं, आणि रागही आला, कुणाचा ते कळेना. समोर दोन काळ्या रांगा होत्या.

"नको," ती म्हणाली. "राहू दे आता."

"नक्की?"

"सांगितलं ना."

फोन ठेवून तिनं कपाळावरचे केस मागे सारले. बोटांबरोबर एक झुबका निघून आला, न ओढता, न दुखता.

काका पाठमोरे होते. तिनं पायानं कचरापेटीचं झाकण उघडलं आणि तो आत टाकला, सकाळच्या झुबक्यांवर.