हळदीचा सूर्य

"हे तुयंच काम आहे, इंदू!"

वाचनालयाचे कार्यवाह प्रभाकरराव दारातच गरजले. इंदूने आत डोकावलं आणि ती जागच्या जागी थिजली. पिपरीच्या नव्या वाचनालयाच्या भिंतीवर मुलांनी काल रंगवलेला पिवळाधमक सूर्य आज लालभडक झाला होता! खालचे झेंडूही लाल!

बाजारचा रंग न आणता, जुने चितारी काढत तसं चित्र काढायचं, ही नानाजी गुरुजींची दिवाळीच्या सुट्टीतली कल्पना. लालसाठी गेरू, काळ्यासाठी काजळी, निळ्यासाठी नीळ. पिवळ्यासाठी डिंकाच्या पाण्यात कालवलेली हळद, आणि ती कालवली होती इंदूने. पण सूर्य लालच हवा म्हणून ती काल वर्गातल्या नरहरशी कडाकडा भांडली होती. तेच आता अंगाशी आलं.

"मी नाई केलं!"

"मंग कोनं केलं, भुतानं?" नरहर म्हणाला.

"उद्या उद्घाटन आहे," गुरुजी त्रासून म्हणाले. "इंदू, तू आता ब्रशला हात लावायचा नाही."

एकानेही धड विचारलं नाही! इंदूला रडूही आलं आणि संतापही. पण ओरडून सांगावं तरी कोणाला?

घरी येऊन तिने सगळा राग हळदीने माखलेल्या कालच्या फ्रॉकवर काढला. दगडावर आपटून ती साबण खसाखसा घासू लागली. मैत्रीण मीरा शेजारी बसून समजूत घालत होती. एकदम ती ओरडली, "अवं, पाह्य! डाग लाल होऊन राह्यला!"

इंदूचा हात थांबला. "साबणानं हळद लाल होते... अन् चुन्यानंही! शेजारची यशोदामावशी हळद-चुन्याचंच कुंकू करते ना?"

"पण भिंतीचा चुना तर कवाचाच वाळला!"

"मंग ताजा कुठून आला? चाल!"

दोघी पळतच वाचनालयात गेल्या. गुरुजी, प्रभाकरराव आणि मुलं अजून तिथेच होती. छत कालपेक्षा पांढरं दिसत होतं. फरशीवर पांढरे शिंतोडे होते. आणि दारामागचा एक झेंडू अजून पिवळाच होता!

"मले सूर्य लाल करायचा होता, तर झेंडू काऊन करीन?" इंदू पुटपुटली. तेवढ्यात तिची नजर प्रभाकररावांच्या खांद्यावरच्या दुपट्ट्यावर गेली. त्याचं टोक पांढरं, कडक झालं होतं.

वाटीत उरलेलं हळदीचं पाणी घेऊन ती पुढे आली आणि मुद्दामच अडखळली. पाणी थेट दुपट्ट्यावर!

"अवं पोरी!" प्रभाकरराव ओरडले. पण सगळे बघतच राहिले. पांढऱ्या टोकावरची हळद लालेलाल झाली होती!

"काका, छताले चुना कवा लावला?"

प्रभाकरराव चाचरले. "काल सांजेले... छत मळकं दिसत होतं. चित्रावर शिंतोडे उडाले, ते म्या दुपट्ट्यानं पुसले. त्यानं रंग बदलते हे मले काय माहीत?"

"पन नाव मायंच घेतलं!"

प्रभाकररावांनी मान खाली घातली. गुरुजी म्हणाले, "शाबास, इंदू! मोठी हुशार आहेस."

"हुशार नका म्हणू, गुरुजी!" इंदूचा आवाज फुटला. "सकाळी फक्त विचारलं असतं, तर चाललं असतं."

"चुकलंच माझं," गुरुजी म्हणाले. "हळदीचा रंग उन्हानेही उडतो, हेही मी विसरलो. म्हणून तर जुने चितारी भिंतीवर मातीचे रंग वापरत." त्यांनी ब्रश इंदूच्या हातात दिला.

पिवळी माती आणायला नरहर निघतच होता. इंदूने ब्रश सरळ गेरूत बुडवला.

सूर्य तिने लालच काढला, आणि या वेळी गेरूची वाटी नरहरनेच धरली.