नाक इतकं स्वच्छ कसं?

"सही कर आणि मोकळी हो." साहेबांनी रिपोर्ट पुढे सरकवला. "बारा वाजता त्यांना स्टिरॉइड सुरू करायचंय."

रिपोर्टवर एकच ओळ होती : बुरशी आढळली नाही.

"नाही करणार," ती म्हणाली.

प्रयोगशाळेत तिला सगळे 'चिमटा' म्हणत. एकदा धरलं की सोडायची नाही. साहेब विभागप्रमुख होते, पंचवीस वर्षं मुरलेले. पुढच्या आठवड्यात परिषदेत ते जुनाट सायनसवर निबंध वाचणार होते. तिला नोकरीला लागून जेमतेम आठ महिने झाले होते.

रिपोर्ट टेलरकाकांचा होता. दोन वर्षं चोंदलेलं नाक, आणि आता उजवा डोळा बाहेर येऊ लागलेला. सुईत दोरा ओवता येईना, तेव्हा कुठे दवाखान्याची पायरी चढले. नाकाशेजारच्या पोकळीतला चिकट शेंबूड आणि मांसाचा तुकडा दहा दिवसांपूर्वी तपासायला आला होता. बुरशी नसेल तर स्टिरॉइडने सूज उतरली असती. पण बुरशी मांसात शिरली असेल तर त्याच औषधाने ती फोफावणार, आणि डोळा हातचा जाणार.

"मला मायक्रोस्कोपखाली बुरशीचे धागे दिसलेत, साहेब."

"कापसाचे असतील."

"कापसाला फांद्या कधीपासून फुटायला लागल्या?"

"जीभ फार चालते तुझी! नमुना प्लेटवर पेरला, काही उगवलं? नाही ना? मग विषय संपला. आणि त्या उरलेल्या नमुन्याची बाटली फेकून दे म्हणून सोमवारीच सांगितलं होतं."

बाटली तिने फेकली नव्हती.

आपल्या टेबलाशी येऊन तिने प्लेटा पुन्हा उजेडात धरल्या. बुरशीची प्लेट कोरी होती. जंतूंची प्लेटही कोरी. चकोट केलेल्या डोक्यासारखी. नाक काय साबणाने घासून पाठवलं होतं?

तिने रजिस्टर उलटं चाळलं. चौदा महिन्यांपूर्वीपर्यंत दहा नाकांमागे तीन-चारांत बुरशी सापडत होती. त्यानंतर एकातही नाही, साधे जंतूही नाहीत.

तिने बाटलीतला उरलेला तुकडा चिमट्याने दाबला. खोडरबरासारखा टणक आणि करडा. रक्ताचा डाग तपकिरी पडलेला.

या सोमवारी संध्याकाळी तिने आणखी दोन प्लेटा गुपचूप लावल्या होत्या. त्या तिने आता बाहेर काढल्या, पाहिल्या आणि शस्त्रक्रियागृहाच्या सिस्टरना फोन लावला.

"सिस्टर, ऑपरेशन शनिवारी होतं, नमुना आमच्याकडे सोमवारी येतो. मधे कुठे असतो?"

"फ्रिजमध्ये. दुसरीकडे कुठे, माझ्या उशाशी?"

"बाटलीत काय असतं?"

"सलाइन. बाटल्या तुमच्याच."

"नुसतं सलाइन?"

"अगं, पद्धत तुमच्याकडची आणि विचारतेस मला?"

"कोणती पद्धत, ते साहेबांच्या खोलीत येऊन सांगाल?"

"येते की. कुणाच्या बापाला भिते काय मी?"

पावणेबाराला साहेबांच्या खोलीत चौघं होती. नाक-कान-घशाच्या डॉक्टर मॅडम सारख्या घड्याळाकडे बघत होत्या.

"ही कसली सभा?" साहेब गरजले.

चिमटा पुढे झाली आणि तिने दोन प्लेटा टेबलावर ठेवल्या. एकीवर हिरवट लव दाटलेली, दुसरी कोरी.

"प्रयोगशाळेच्या साठ्यातली एक जिवंत बुरशी घेतली. अर्धी साध्या सलाइनमध्ये दिवसभर ठेवली, अर्धी टेलरकाकांच्या बाटलीतल्या पाण्यात. मग दोन्ही प्लेटांवर लावली. त्या पाण्यातली मेली. सिस्टर, बाटलीत काय घालता?"

"दोन ड्रॉपर फॉर्मलिन. सोमवारी नमुन्याला वास येतो, घालत जा, असं साहेबांनी सांगितलं. वर्ष होऊन गेलं."

मॅडम ताडकन उठल्या. "फॉर्मलिन? मांस टिकवायचं ते विष? त्यात काय जगणार!"

"काहीच नाही. म्हणून जंतूही उगवले नाहीत. म्हणून तुकडा टणक, रक्त तपकिरी. धागे मात्र मेले तरी काचेवर दिसतात. आणि शेजारच्या खोलीत फॉर्मलिनचे डबेच्या डबे आहेत, त्यामुळे वास कुणाच्या ध्यानात आला नाही."

"चूक होते माणसाकडून," साहेब म्हणाले.

"पहिल्या महिन्यात ती चूक होती. पण चौदा महिने एकाही नाकात एकही जंतू नाही, हे तुम्हाला खटकलं नाही? पंचवीस वर्षांच्या अनुभवाला? जुनाट सायनसमध्ये बुरशी नसतेच, हे तुम्हाला परिषदेत सांगायचंय. ही शून्यं तुम्हाला हवी होती. म्हणूनच बाटली फेकायची घाई."

"लोक नाकातल्या प्रत्येक डागाला बुरशी म्हणत सुटलेत! कुणीतरी हे थांबवायला नको?"

"टेलरकाकांचा डोळा घालवून?"

मॅडमनी वॉर्डला फोन लावला. "स्टिरॉइड देऊ नका. काकांना उपाशी ठेवा, आज परत तुकडा काढते. बुरशीचं औषध तयार ठेवा, धागे दिसलेत तेवढं पुरे."

सिस्टर आणि मॅडम निघाल्या. चिमटा मागोमाग निघाली, हातात कोरं सलाइन भरलेली बाटली.

"उद्यापासून तू इथे यायचं नाहीस!" साहेब मागून ओरडले.

ती दारात वळली.

"उद्या येणारच. ताज्या नमुन्याच्या प्लेटा रोज बघाव्या लागतात, साहेब."